प्लेटीवरची कंपनी

मामा, जहाज फिरवलं होतं की नाही, ते अजून कळलेलं नाही.

तुम्ही गेल्याला आज वीस दिवस झाले. वरसेच्या घरातली माणसांची वर्दळ आता थांबली आहे. परवा मामी काचेच्या कपाटासमोर उभी राहून मला म्हणाली, "या प्लेटींचं काय करू गो वंदे? भंगारवाला पन हात लावनार नाय." मी म्हटलं, राहू दे सध्या. मग पेणची एसटी पकडली, घरी आले आणि लिहायला बसले. तुमच्याशी बोलायचं आहे आणि मामीसमोर बोलता येत नाही. तिला वाचता येत नाही, आणि तिला वाचून दाखवणारी मीच.

लोकांच्या शोकेसमध्ये मुलांची बक्षिसं असतात, काचेचे मोर असतात. तुमच्याकडे बोटीवरची भांडी होती. सात प्लेटी, कान तुटलेले तीन कप, एक साखरदाणी, टोपीवरचा पितळी बिल्ला आणि बरणीत भरलेली कोटाची बटणं. प्रत्येकावर कुठल्या ना कुठल्या जहाज कंपनीचं चिन्ह. कुठे झेंडा, कुठे सिंह, कुठे दोराने वेढलेला तारा. तुम्ही सारंग होतात, डेकवरच्या खलाशांचे मुकादम. जुनं जहाज तोडायला किनाऱ्यावर चढवायच्या आधी कॅप्टन सांगायचा, ज्याला जे हवं ते घ्या. बाकीचे घोंगड्या, रेडिओ, घड्याळं उचलायचे. तुम्ही एक प्लेट उचलायचात. मामी ज्याला त्याला सांगायची, "लोकांचे नवरे दुबईवरनं सोनं आनतात, आमचे सायबाची उष्टी भांडी आनतात." तुम्ही हसायचात आणि फडक्याने ती उष्टी भांडी पुसायचात.

सुट्टीत मी वरसेला आले की तुम्ही एकेक प्लेट माझ्या हातात द्यायचात. "ही विकली. ही बुडाली. हिला दुसरीनं गिळली." यातली एकही कंपनी आता नाही, हे तुम्हाला माहीत होतं. तरी तुम्ही त्यांच्याबद्दल माणसांसारखं बोलायचात. सिंहवाली कंजूष होती, तांदळात खडे असायचे. झेंडेवाली रागीट, पण ईदेला आणि गणपतीला दोन्हीला गोड करायची. तारेवाली सगळ्यांत बरी. निळ्या काठाची, मधोमध तारा असलेली ती प्लेट तुम्ही कपाटात सगळ्यांत वर ठेवली होतीत.

बारावीनंतर मी मिठागरात जाणार, हे आमच्या घरी ठरलेलंच होतं. आई जात होती, आजी गेली होती. तुम्ही तेव्हा रजेवर आला होतात. पेणच्या कॉलेजचा फॉर्म स्वतः आणलात आणि बाबांना सांगितलंत, "फी भरली हाय. आता नाय पाठवलीस तर परत मिळत नाय." फी भरलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी जाऊन भरलीत. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. निकालाच्या दिवशी पाया पडायला आले तेव्हा गुणपत्रिका तुमच्या हातात दिली. तुम्हीच म्हणालात, "व्हय व्हय. आता इंग्रजी पत्रं तू लिवायची." कुठली पत्रं लिहावी लागणार आहेत, ते त्या वेळी आपल्या दोघांनाही माहीत नव्हतं.

आपलं भांडण कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात सुरू झालं. मी पुस्तकातली व्याख्या मोठ्याने वाचून दाखवली होती, की कंपनी ही कायद्याने निर्माण केलेली कृत्रिम व्यक्ती असते. तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात.

"कृत्रिम? मग मला आईवरनं शिव्या घालनारा तो सुप्रिटेंडंट कोन होता? रबराचा?"

"तो नोकर, मामा. कंपनी वेगळी. ती दिसत नाही."

"दिसत नाय कशी? मी तिच्यात जेवलोय." तुम्ही उठून कपाटातली प्लेट आणलीत आणि माझ्यासमोर ठेवलीत. "जेवन कुठल्या प्लेटीत देतात ते बघायचं. ज्या मालकाला लाज असते तो प्लेटीवर नाव टाकतो. हे तुझ्या पुस्तकात नाय."

नव्हतंच. मी हसले. पुढे पेणला कंपन्यांची कागदपत्रं करणाऱ्या ऑफिसात नोकरीला लागले, तेव्हा तर मला स्वतःच्या व्याख्येचा गर्वच वाटायला लागला. रामवाडीतल्या एकाच गाळ्याच्या पत्त्यावर आम्ही पाच कंपन्या नोंदवल्या होत्या. दारावर पाच पाट्या, आत एक टेबल आणि एक खुर्ची. सगळं नियमात बसणारं. त्या पाट्या मी स्वतः रंगवून घेतल्या. म्हणून म्हणते मामा, मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

संदेशला तुम्ही बोटीवर पाठवायला तयार नव्हतात. तुमचा एकुलता एक मुलगा धाटावच्या कारखान्यात शिफ्टला जात होता, तेच बरं असं तुमचं म्हणणं. तो हट्टाने बेलापूरच्या एका एजंटाकडून गेला. जहाजाचं नाव आपण कधी ऐकलेलं नव्हतं. मालक कोण, ते एजंटालाही नीट सांगता येत नव्हतं. चौथ्या महिन्यात संदेशचा फोन आला. जहाज जुनाट आहे, डेकवरचे कठडे गंजून हातात येतात, पुढच्या बंदरात उतरू का, असं तो विचारत होता. मी त्या रविवारी तुमच्याकडेच होते. तुम्ही स्पीकर लावला होतात.

तुम्ही त्याला म्हणालात, "जेवता कशात? प्लेटीचा फोटो पाठव."

फोटो आला. निळा काठ, मधोमध दोराने वेढलेला तारा.

तुमचा चेहरा मला अजून आठवतो. शाळेतला जुना मित्र बाजारात भेटावा तसा झाला होता. तुम्ही कपाटातली प्लेट काढून फोनच्या शेजारी धरलीत. "बघ गो वंदे! तीच. मला वाटलं ही गेली. हाय, हाय अजून." आणि संदेशला सांगितलंत, "अरे, ही चांगली कंपनी हाय. मी तिच्यात सहा वर्सं काढली. कठडे करून घेतील ते. कॉन्ट्रॅक्ट पुरा कर, मधे उतरलास तर पुढं कोन घेनार नाय."

तो म्हणाला, "बरं, बाबा."

मी तिथे होते. प्लेट म्हणजे नोंदणी नव्हे, हे मला माहीत होतं. जहाज विकलं जातं तेव्हा भांड्यांसकट विकलं जातं, एवढं मला अंदाजानेही कळायला हवं होतं. तुम्ही इतके आनंदात होतात की मी गप्प बसले. मामी भाकऱ्या करत होती, तिला मदत करायला उठले. पुढे चार वर्षं आपण दोघं या गोष्टीबद्दल एकदाही बोललो नाही. तुम्ही माझ्यावर कधी बोट ठेवलं नाहीत. मी तुमच्यावर ठेवलं नाही. ज्याने त्याने आपापलं धरून ठेवलं.

सात आठवड्यांनी एजंटाचा फोन आला आणि मागोमाग ईमेल. चार ओळींचं. सकाळच्या हजेरीला संदेश आढळला नाही. जहाजभर शोध घेतला. पडताना कोणी पाहिलेलं नाही, हवामान चांगलं होतं. आपल्या दुःखात सहभागी आहोत.

मी ते तुम्हाला मराठीत सांगितलं. मामी तिथेच खाली बसली. तुम्ही उभेच होतात. मग विचारलंत, "जहाज फिरवलं का?"

मला प्रश्नच कळला नाही.

"मानूस गेला म्हटल्यावर जहाज फिरवायचं असतं. आल्या वाटेनं मागं जायचं, बघत बघत. आमचा एक भंडारी, बोटीवरचा सैपाकी, गेला होता. फिरवलं आमी. मिळाला नाय, पन फिरवलं. त्याच्या बायकोला जाऊन मी सांगितलं, फिरवलं होतं म्हनून. तिनं ते ऐकून घेतलं. मग रडली." तुम्ही मामीकडे बघितलंत. "लॉगबुकात लिवावं लागतं. किती वाजता फिरवलं, किती वाजता परत रस्त्याला लागलं. तेवढं पान मागव गो. दुसरं काय नको."

तेवढं पान. तुमची मागणी तेवढीच होती. एजंट पैशाचा कागद घेऊन आला, तेव्हा त्यात शेवटी लिहिलं होतं की यापुढे कुठलीही विचारणा करणार नाही. मी वाचून दाखवलं. तुम्ही पेन त्याच्या खिशात परत अडकवलंत आणि म्हणालात, "विचारनार. मला तेवढंच करायचं हाय." भटजींनी सांगितलं की दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकता येईल. तुम्ही त्यांनाही थांबवलंत. पान आल्याशिवाय पुतळा नाही. मामी तुमच्यावर चिडली, महिनाभर बोलली नाही, मग तीही पोस्टमनची वाट बघायला लागली.

पहिलं पत्र आपण तारेवाल्या कंपनीला लिहिलं. तुम्हाला तिच्या मुख्य ऑफिसचं शहर, रस्ता, सगळं पाठ होतं. ते ऑफिस आता दुसऱ्याच कुणाच्या मालकीचं होतं, तरी उत्तर आलं. सभ्य पत्र होतं. हे जहाज आम्ही फार वर्षांपूर्वी विकलं, त्यानंतर ते तीनदा विकलं गेलं, आमचा त्याच्याशी संबंध नाही, आपल्या मुलाबद्दल वाईट वाटलं. तुम्ही मला ते दोनदा वाचायला लावलंत.

"विकलं? आनि प्लेटी?"

"प्लेटी जहाजाबरोबर गेल्या, मामा."

तुम्ही उठलात. कपाट उघडून ती निळ्या काठाची प्लेट काढलीत आणि सगळ्यांत खालच्या खणात पालथी ठेवलीत. त्या दिवशी मी जेवायला थांबले नाही. तुम्हीही थांब म्हणाला नाहीत.

मग एजंटाला विचारलं. तो म्हणाला, आम्ही फक्त माणसं पुरवतो, जहाज चालवणाऱ्या मॅनेजमेंट कंपनीला विचारा. मॅनेजमेंट कंपनीने कळवलं, आम्ही काम सोडलं, कागद मालकाला परत केले. आणि मालक कोण? जहाजाचंच नाव लावलेली एक कंपनी. तिच्याकडे दुसरं जहाज नाही, ऑफिस नाही, माणूस नाही. पत्ता एका बेटावरच्या वकिलाच्या इमारतीतला, एक खोकं आणि त्याचा नंबर. इथल्या सरकारी कार्यालयात अर्ज दिला. त्यांनी जहाजावर ज्या देशाचा झेंडा होता त्या देशाला कळवलं. त्या देशाने काही कळवलं नाही. जहाजावरची माणसं चार देशांची, पुढच्या बंदरात उतरून पांगली. एकाचा नंबर संदेशच्या जुन्या मेसेजमध्ये सापडला. फोन लागला, पलीकडून कुणीतरी आपल्याला न कळणाऱ्या भाषेत बोललं आणि ठेवून दिला.

दर रविवारी तुम्ही सांगायचात आणि मी लिहायचे. तुमची पत्रं सुरुवातीला रागाची होती. नंतर तुम्ही मालकाला समजावायला लागलात. "लिव, की तुमच्यावर आमची तक्रार नाय. लिव, की त्याची आई बसून हाय. लिव, की तुमालाबी पोरं असतील." मी विचारायचे, कुणाला लिहू मामा, तिथे कुणी नाही. तुमचं ठरलेलं उत्तर होतं, "मालक असतोच. जहाज आपोआप चालत नाय." सोमवारी तुम्ही स्वतः रोह्याच्या पोस्टात जाऊन रजिस्टर करायचात. तिथला कारकून म्हणायचा, "सारंग, बेटावर कोन हाय तुमचं? मेहुनी?" आणि तुम्ही म्हणायचात, "व्हय. बोलत नाय माझ्याशी."

आता जे सांगायचं होतं ते सांगते. गेल्या वर्षी एका दुपारी ऑफिसात काम नव्हतं, म्हणून मी त्या बेटाची नोंदवही इंटरनेटवर पुन्हा उघडली. कंपनीच्या नावापुढे लिहिलं होतं, विसर्जित. जहाज तोडायला दिलं आणि पाठोपाठ कंपनीही मिटवून टाकली. एवढ्याचसाठी ती काढलेली असते. आमच्या ऑफिसात मीही अशा कंपन्या बंद केल्या आहेत, दोन अर्ज आणि एक शपथपत्र लागतं. लॉगबुक कुणाकडे असेल, या प्रश्नाला आता पत्ताच उरला नव्हता. जहाज नाही, कंपनी नाही, विचारायला जगात कुणी नाही.

मी तुम्हाला सांगितलं नाही. अकरा महिने सांगितलं नाही. तुम्ही मेलेल्या कंपनीला पत्रं सांगत राहिलात आणि मी ती शुद्ध इंग्रजीत लिहीत राहिले. पाकिटं परत येऊन तुमच्या हातात पडू नयेत, म्हणून मागे माझ्या ऑफिसचा पत्ता घालायला लागले. तुम्ही विचारलंत तर म्हटलं, ऑफिसचा शिक्का असला की लोक लवकर उत्तर देतात. तुम्हाला ते पटलं. शिकलेल्या भाचीचं तुम्हाला सगळंच पटायचं. नऊ पाकिटं माझ्या टेबलाच्या खणात आहेत. एकही फोडलेलं नाही.

आपल्या भांडणात शेवटी कोण बरोबर ठरलं, याचा मी खूप विचार केला. मालक असतोच, हे तुमचं खरं होतं. गंजलेल्या कठड्यांचं जहाज कुणीतरी विकत घेतलं, कुणीतरी पाठवलं, त्या फेऱ्यांवर कुणीतरी जेवलं. तो माणूस आजही कुठेतरी असेल. पण आपण नसण्याची व्यवस्था त्याने आधीच करून ठेवली होती, आणि ती व्यवस्था कशी करतात हे शिकण्यासाठी तुम्ही माझी फी भरली होतीत. यापुढे मला विचार करता येत नाही.

तुम्हाला रोह्याच्या दवाखान्यात ठेवलं होतं, त्या दुपारी मामी खाली चहा आणायला गेली होती. तुम्हाला दम लागत होता. तरी विचारलंत, "पत्र आलं का गो?"

अकरा महिने मी "येईल" म्हणत होते. त्या दिवशी म्हटलं, "आलं, मामा."

तुम्ही डोळे पूर्ण उघडलेत. "फिरवलं?"

"फिरवलं. लॉगमध्ये लिहिलंय."

तुम्ही छताकडे बघत राहिलात. मला वाटलं, झालं, सुटले. मग तुम्ही विचारलंत, "कुठल्या बाजूनं फिरवलं? स्टारबोर्ड का पोर्ट? उजवीला का डावीला?"

"स्टारबोर्ड," मी म्हटलं. दोन्हींपैकी पहिला शब्द उचलला.

"तो कुठल्या बाजूला पडला?"

"स्टारबोर्डलाच."

तुम्ही मान वळवून माझ्याकडे बघितलंत. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. तो पडताना कोणी पाहिलेलं नव्हतं. पहिल्याच ईमेलमध्ये ते होतं, मीच तुम्हाला वाचून दाखवलं होतं. बाजू कुणाला माहीत असणार? सारंगाला हे समजायला क्षणही लागला नसेल. मला मात्र ते घरी आल्यावर, भांडी घासताना लक्षात आलं.

तुम्ही म्हणालात, "बरं."

तेवढ्यात मामी चहा घेऊन वर आली. तुम्ही तिला हाताने जवळ बोलावलंत आणि म्हणालात, "पत्र आलंय. फिरवलं होतं म्हने."

मामीच्या हातातला ग्लास मी घेतला. ती पलंगाच्या कडेला टेकली आणि चार वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने रडली. तुम्ही तिच्या पाठीवर हात ठेवून माझ्याकडे बघत होतात. त्या बघण्यात राग होता की आणखी काही, ते मी विचारायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही बोलण्याच्या स्थितीत नव्हतात. तिसऱ्या दिवशी गेलात.

तुमचं तेरावं झाल्यावर मामीने भटजींना पुन्हा बोलावलं. कुंडलिकेच्या काठी दर्भाचा पुतळा केला, तुमच्या पुतण्याने अग्नी दिला. संदेशची क्रिया झाली. मामी शांत आहे, दोन वेळा जेवते. भेटायला आलेल्या बायकांना ती सांगते, जहाज फिरवलं होतं, वंदूकडे कागद आलाय. बायका विचारतात, किती वेळ शोधला गो त्याला? मामी माझ्याकडे बघते.

मी सांगते, अंधार पडेपर्यंत.